एकूण क्रेडिट भरले तरी डिग्री अडकते: सीएसईच्या बी.टेक.चा हिशोब कसा ठेवायचा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगा हिंगणा रोडवरच्या एका ऑटोनॉमस म्हणजे स्वायत्त कॉलेजात सीएसईला, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सला आहे, फर्स्ट इयर झालं, एम-वन म्हणजे पहिल्या सेमच्या मॅथ्सचा एक बॅक आहे, म्हणजे तो विषय राहिला आहे, आणि कॉलेजनं दिलेल्या स्कीमच्या, म्हणजे अभ्यासक्रमाच्या आराखड्याच्या पुस्तिकेत पीसीसी, पीईसी, एमडीएम, ओई, व्हीएसईसी अशी अक्षरं पाहून घरात कोणालाच काही उमगून नाही राहिलं. तुम्ही उमरेडला ड्युटीवर, तो इथे रूम करून राहतो, आणि तुमचं विचारणं एवढंच की डिग्री हातात पडायला नेमकं काय काय पूर्ण लागते, ऑनर्स घेऊ द्यायचं का, आणि हा बॅक किती मनावर घ्यायचा. मी २२ वर्षं नागपुरात कॉम्प्युटर सायन्स शिकवते, त्यातली बरीच वर्षं डिपार्टमेंटचं अकॅडमिकचं काम सांभाळलं, म्हणजे कोणाचे क्रेडिट कुठे कमी पडले, कोणाची डिग्री काऊन थांबली हे माझ्याच टेबलावर यायचं. म्हणून जरा लांब लिहिते, पण मुलाला सोबत बसवून वाचा.

पहिले क्रेडिट म्हणजे काय ते. आठवड्याला एक तास लेक्चर, पूर्ण सेमिस्टर, याचा १ क्रेडिट. ट्युटोरियलचा एक तास, तोही १. प्रॅक्टिकलचे मात्र दोन तास मिळून १. म्हणजे डेटा स्ट्रक्चर्सला ३ तास लेक्चर आणि २ तास लॅब असली तर तो ४ क्रेडिटचा विषय झाला. एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, २०१८ च्या मॉडेल अभ्यासक्रमात बी.टेक.ला १६० क्रेडिट धरले, त्याआधी बऱ्याच ठिकाणी हा आकडा २०० च्या वर जायचा आणि पोरं सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्गातच असायची. मग एनईपी म्हणजे नवं शैक्षणिक धोरण आलं, महाराष्ट्रानं २०२३ मध्ये आपला आराखडा काढला, त्यात चार वर्षांच्या डिग्रीला १६० ते १७६ अशी रेंज आहे, म्हणून एका कॉलेजात १६२ दिसते, दुसऱ्यात १७० दिसते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तुमच्या मुलाला लागू आहे ती त्याच्या ॲडमिशनच्या वर्षाची स्कीम, सीनियरची नाही आणि वेबसाइटवर सगळ्यात वर दिसते ती पण नाही. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर सेशन लिहिलेलं असते, ते आधी तपासा, कारण दरवर्षी दोन-चार पोट्टे भलत्याच वर्षाची स्कीम डाउनलोड करून तिच्यावर इलेक्टिव्ह ठरवतात.

आता खरी गोष्ट. लोकांना वाटते १६० झाले की डिग्री झाली. तसं नसते. हे १६० वेगवेगळ्या डब्यांत वाटलेले असतात आणि प्रत्येक डबा वेगळा भरावा लागते, एका डब्यात जास्त टाकलं म्हणून दुसऱ्याचं रिकामपण भरून निघत नाही. पीसीसी म्हणजे कोअर, सगळ्यांना सारखं, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, डीबीएमएस, नेटवर्क्स वगैरे. पीईसी म्हणजे आपल्याच ब्रँचचे निवडायचे विषय, मशीन लर्निंग, क्लाऊड, सिक्युरिटी असे, राज्याच्या आराखड्यात याला २० क्रेडिट आहेत. एमडीएम म्हणजे दुसऱ्या शाखेचा छोटा मायनर, १४ क्रेडिट, आणि हा सगळ्यांना कंपल्सरी आहे. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, ८ क्रेडिट. व्हीएसईसी म्हणजे हाताला कौशल्य देणारे कोर्स. इंटर्नशिप किंवा ओजेटीला, म्हणजे कामाच्या जागेवरच्या ट्रेनिंगला १२. मग भारतीय ज्ञान प्रणाली, व्हॅल्यू एज्युकेशन, कम्युनिकेशन, कम्युनिटी प्रोजेक्ट, को-करिक्युलर असे २-२, ४-४ चे छोटे छोटे डबे. तुमच्या कॉलेजनं एखाद-दोन आकडे इकडेतिकडे केले असतील, आकडा पुस्तिकेतलाच धरा, पण बांधणी अशीच राहील.

आणि पोरं अडकतात ती या छोट्या डब्यांत. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये नापास झालेला पोरगा विसरत नाही की आपण नापास आहो, तो रात्रंदिवस त्याच्याच मागे असतो. पण २ क्रेडिटचा को-करिक्युलर दुसऱ्या सेममध्ये सबमिट करायचा राहिला, फाइल दिली पण मार्क पोर्टलवर चढले नाही, हे कोणाच्या ध्यानातच नसते.

माझ्या एका विद्यार्थ्याचं सांगते. भंडाऱ्याकडचा, फार हुशार, घरी शेती, पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर हातात. एकूण क्रेडिट पाहिजे होते त्याहून ३ जास्तच होते. एप्रिलमध्ये शेवटची तपासणी करताना दिसलं की ओपन इलेक्टिव्हमध्ये ३ कमी आहेत. झालं असं की सहाव्या सेमला त्यानं ऑनलाइन डेटा सायन्सचा कोर्स घेतला आणि ओपन इलेक्टिव्ह म्हणून लिहिला, पण नियम असा होता की ओपन इलेक्टिव्ह आपल्या ब्रँचच्या बाहेरचाच पाहिजे. सीएसईच्या मुलाला डेटा सायन्स बाहेरचा कसा धरणार? सिस्टीमनं तो कोर्स ‘अतिरिक्त’ मध्ये टाकून दिला. त्याच्या फॉर्मवर सही माझी होती, मी नाव वाचलं आणि डबा पाहिला नाही. मी खूप फिरले, वरपर्यंत जाऊन आले, पण नियम नियम असते. त्याला जुलै-ऑक्टोबरच्या फेरीत अर्थशास्त्राचा एक कोर्स करावा लागला, रिझल्ट हिवाळ्यात आला. कंपनी थांबली म्हणून बरं झालं, पण ते सहा महिने त्या घरानं कसे काढले ते मी जवळून पाहिलं आहे. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या बॅचला पहिल्याच आठवड्यात एक रजिस्टर करायला लावते.

रजिस्टर म्हणजे साधी दोनशे पानी वही, मोबाइलमधली शीट पण चालते पण वही बरी, कारण मोबाइल बदलते. प्रत्येक डब्याला एक पान. वर लिहायचं डब्याचं नाव आणि एकूण किती पाहिजे. खाली प्रत्येक सेम संपली की कोर्स कोड, नाव, क्रेडिट, ग्रेड, आणि उरले किती. कोड लिहायचाच, नुसतं नाव नाही, कारण सारख्या नावाचे दोन विषय असतात, एक कोअरमध्ये आणि एक मायनरमध्ये, आणि कोडवरूनच कळते कुठला कुठे मोजला गेला. ग्रेड कार्ड आलं की त्याच दिवशी टॅली करायची. फरक दिसला तर लगेच अर्ज, आणि अर्जाची रिसीव्ह्ड कॉपी वहीतच चिकटवून ठेवायची. त्याच सेमला सांगितलेली चूक दोन दिवसांत सुधरते, तीच चूक तीन वर्षांनी सांगायला गेलं तर तोवर तो विषय शिकवणारे सर दुसरीकडे गेलेले असतात आणि मार्कशीटची फाइल शोधण्यातच महिना जाते.

याच वहीत एबीसीचं पण एक पान करा. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, २०२१ पासून आहे, आयडी डिजिलॉकरमधून निघते, आजकाल अपार आयडी म्हणतात तोच १२ आकडी नंबर. मुलाचे क्रेडिट तिथे जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात, म्हणजे मध्ये आजारपण आलं किंवा कॉलेज बदलावं लागलं तर झालेलं शिक्षण पाण्यात जात नाही. पण त्यात नाव, जन्मतारीख आधारशी आणि दहावीच्या मार्कशीटशी जुळली पाहिजे. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि एका ठिकाणी नुसतं अक्षर असं असलं की पुढे डोकेदुखी, ते आत्ताच दुरुस्त करून घ्या.

आता बॅककडे येते, कारण तुमची काळजी मला त्याचीच जास्त दिसली. एक हिशोब करून पाहू. समजा पहिल्या सेमला १६ क्रेडिट होते. एक ४ क्रेडिटचा विषय, ग्रेड ए, म्हणजे ८ पॉइंट, ४ गुणिले ८ झाले ३२. एक ३ क्रेडिटचा, ए-प्लस, ९ पॉइंट, २७. एक ३ क्रेडिटचा बी-प्लस, ७ पॉइंट, २१. एक-एक क्रेडिटच्या दोन लॅब, दोन्हीत ओ ग्रेड, १० पॉइंट, मिळून २०. आणि ४ क्रेडिटचा एम-वन, एफ, म्हणजे शून्य. बेरीज १००, भागिले १६, एसजीपीए, म्हणजे त्या एका सेमची सरासरी, आला ६.२५. हाच एम-वन नुसता काठावर, पी ग्रेडनं म्हणजे ४ पॉइंटनं निघाला असता तरी ११६ भागिले १६, ७.२५ झाले असते. बी म्हणजे ६ पॉइंट मिळाले तर ७.७५. म्हणजे एका विषयानं अख्खा एक पॉइंट नेला. पण हेही पाहा की तो परत येते, पास झाला की एफ जाऊन नवी ग्रेड लागते आणि सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमची मिळून सरासरी, पुन्हा मोजला जाते. म्हणून बॅक लागला म्हणजे सगळं संपलं असं त्याला वाटू देऊ नका, घरून तर बिलकुलच नाही. पहिल्या सेमला एम-वन राहणं इथे फार कॉमन आहे, बारावीला सीईटीच्या घाईत ऑब्जेक्टिव्ह करून आलेल्या पोरांना पानभर सोडवायची सवय नसते, एवढंच.

पण लांबवू मात्र नका. बहुतेक कॉलेजांत एटीकेटीवर, म्हणजे राहिलेला विषय सोबत घेऊन, सेकंड इयरला जाता येते, पण फर्स्ट इयर पूर्ण क्लिअर असल्याशिवाय थर्ड इयरला ॲडमिशन मिळत नाही. म्हणजे त्याच्याकडे सेकंड इयर संपेपर्यंतचेच चान्स आहेत. आणि समजा वायडी लागली, म्हणजे इयर डाउन होऊन तो मागे राहिला, तर नुसतं एक वर्ष जात नाही, मागच्या बॅचसोबत येऊन मधातच नवी स्कीम लागू झालेली असली तर ॲब्सॉर्प्शनमध्ये जावं लागते, जुन्या कोणत्या विषयाच्या बदल्यात नवा कोणता याचा तक्ता निघते आणि दोन-तीन विषय जास्तीचे गळ्यात पडतात. या उन्हाळ्यात समर टर्म किंवा री-एक्झाम असली तर त्याला नागपुरातच राहू द्या, ऊन कितीही असो, कूलरचं भाडं भरा पण हा विषय आत्ताच काढून टाका.

आणि नुसतं नियमापायी सांगून नाही राहिले. हे विषय एकाला एक बांधलेले आहेत, ते स्कीममध्ये कुठे लिहिलेलं नसते आणि मुलांना कोणी सांगत नाही. एम-वनमधलं डिफरन्शिएशन आणि मॅट्रिक्स, पुढे प्रोबॅबिलिटी, हे तिन्ही घेऊनच मशीन लर्निंग उभं आहे. मॉडेल शिकते म्हणजे काय, तर चूक कोणत्या दिशेनं कमी होते ते डेरिव्हेटिव्हनं पाहते आणि तिकडे छोटं पाऊल टाकते, एवढंच ते हजारो वेळा करते. ज्याला डेरिव्हेटिव्ह कळला नाही तो लायब्ररीची एक ओळ टाइप करून पुढे जाते आणि मॉडेल बिघडलं की त्याच्याकडे पाहायलाच काही नसते. तसंच डिस्क्रीट मॅथ्स. पोट्टे म्हणतात हे काय, सेट आणि ग्राफ. अरे, ऑपरेटिंग सिस्टीममधला डेडलॉक म्हणजे ग्राफमधलं सायकलच तर आहे, एक प्रोसेस दुसऱ्याची वाट पाहून राहिली, दुसरी पहिलीची. डिस्क्रीटवर थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, त्यावर कंपायलर. डेटा स्ट्रक्चर्समधलं ट्री नीट झालं असलं तर डीबीएमएसमध्ये इंडेक्स काऊन इतका फास्ट चालते हे बी-प्लस ट्रीचं चित्र पाहिल्यावर एका तासात कळते, नसलं तर पाठ करावं लागते. कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन कच्चं असलं की व्हर्च्युअल मेमरीला पोरं हमखास अडखळतात, मी हे दरवर्षी पाहते, उत्तरपत्रिकेवरून सांगू शकते की या पोरानं चौथ्या सेमला कोणता विषय गाइडवर काढला.

म्हणून इलेक्टिव्ह निवडताना मित्र काय घेऊन राहिले किंवा कोणते सर मार्क सोडतात ते पाहू नका. आधी आपली साखळी कुठे पक्की आहे ते पाहा. मॅथ्स बरं जमलं तर एमएल कडे जा. सी आणि ओएस मध्ये मन लागलं तर सिस्टीम्स, नेटवर्क, सिक्युरिटी, याला माणसं कमी मिळतात आणि काम चांगलं असते. पुढे गेट, म्हणजे एम.टेक.ला लागणारी परीक्षा, द्यायचं असलं तर लक्षात ठेवा, १०० पैकी १५ मार्क ॲप्टिट्यूडचे आणि १३ मॅथ्सचे, बाकी सगळं हेच कोअर. थर्ड इयरला असतानाच गेट देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. म्हणजे डिग्रीच्या कोअरवर केलेली मेहनत तिथे पुन्हा करावी लागत नाही.

एमडीएमची निवड पण गंमत म्हणून करू नका, चार-पाच सेमिस्टर तेच चालते आणि मधात बदलता येत नाही. आमच्याकडे मुलं फायनान्स घेतात, काही इलेक्ट्रॉनिक्स घेतात. माझं मत विचाराल तर ज्याला हार्डवेअरची आवड आहे त्यानं इलेक्ट्रॉनिक्स घ्यावं. तुम्ही स्वतः खाणीत काम करता, तिथे सेन्सर, पंप, कन्व्हेयर यांचा डेटा कसा निघते ते मुलानं लहानपणापासून ऐकलं असेल, त्याला यात रस असू शकते, एकदा विचारून पाहा.

ऑनर्सचा प्रश्न. ऑनर्स म्हणजे ठरलेल्या क्रेडिटच्या वर अजून १८ ते २०, आपल्याच शाखेत खोलात. त्याला बहुतेक ठिकाणी एका ठरावीक सीजीपीएच्या वर असावं लागते आणि बॅक नसावा लागते, म्हणजे तुमच्या मुलाला आज तो विचार करायचाच नाही. सेकंड इयरनंतर पाहा. आणि तेव्हाही, पुढे एम.टेक. किंवा रिसर्चकडे जायचं असलं तरच. नोकरीच्या इंटरव्ह्यूत ऑनर्स शब्दापेक्षा दोन नीट केलेले प्रोजेक्ट जास्त बोलतात, हे मी प्लेसमेंटच्या खोलीबाहेर बसून पाहिलेलं आहे. ते १८ क्रेडिट करताना कोअरचे ग्रेड घसरले तर तोटाच होते.

ऑनलाइन कोर्सबद्दल. स्वयम-एनपीटीईएलचे, म्हणजे सरकारी पोर्टलवरचे कोर्स चांगले आहेत, मी स्वतः करते. १२ आठवड्यांचा साधारण ३ क्रेडिटला धरतात, ८ चा २ ला. पण असाइनमेंटचे २५ आणि सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५, दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागते, नुसते असाइनमेंट भरून होत नाही. आणि कोर्स जॉइन करायच्या आधी डिपार्टमेंटकडून लेखी घ्यायचं की हा अमुक डब्यात, अमुक क्रेडिटला मोजला जाईल. लेखी म्हणजे लेखी, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज चालणार नाही. बाहेरच्या खासगी साइटचे सर्टिफिकेट शिकायला घ्या खुशाल, पण ते क्रेडिटमध्ये येतील असं गृहीत धरू नका.

७५ टक्के अटेंडन्सचं तुम्हाला माहीतच असेल. मेडिकल असलं तर पेपर त्याच आठवड्यात द्यायचे.

इंटर्नशिपचं एक सांगायचं राहिलं. १२ क्रेडिट म्हणजे लहान गोष्ट नाही, एखाद्या सेमचा अर्ध्याहून जास्त भाग होते. मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या त्या औद्योगिक भागात, मोठ्या कंपन्या आहेत पण सगळ्यांना तिथे जागा मिळेल असं नाही, म्हणून सहाव्या सेमपासूनच शोधाशोध सुरू करायची. पैसे घेऊन नुसतं सर्टिफिकेट देणाऱ्या दुकानांच्या नादी लागू देऊ नका. तिथे गेलेली पोरं व्हायव्हाला माझ्यासमोर बसतात आणि काय केलं विचारलं की गप्प होतात, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी भरलेले पैसे आठवून वाईट वाटते. लहान असली तरी जिथे खरं काम आहे अशी जागा बरी, कोणाचं तरी बिलिंगचं सॉफ्टवेअर सुधरून द्या, ते चालते.

डिग्री कोणाच्या नावानं येईल असंही तुम्ही विचारलं. कॉलेज ऑटोनॉमस असलं तर स्कीम आणि परीक्षा कॉलेजची, पण डिग्री नागपूर विद्यापीठाचीच असते. खासगी विद्यापीठ असलं तर डिग्री त्यांचीच, व्हीएनआयटी म्हणजे इथली केंद्र सरकारची इंजिनिअरिंग संस्था, तिचा कारभार वेगळा, ते स्वतःच देतात. बाहेर देशात शिकायला पाठवायचा विचार असलाच तर एनबीए मानांकन पाहा, म्हणजे शिक्षणाच्या दर्जाची मान्यता, ते कॉलेजला नसून त्या त्या ब्रँचला असते, आणि अख्ख्या कॉलेजला मिळते ते नॅक म्हणजे एनबीए नाही. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन ॲकॉर्डचा, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानायच्या देशादेशांतल्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला, त्यात एनबीएची टियर वनची, म्हणजे ऑटोनॉमस कॉलेजं आणि विद्यापीठांच्या गटातली डिग्री धरतात, म्हणून ऑटोनॉमस कॉलेजात शिकणाऱ्याला त्याचा फायदा होऊ शकते.

आता लगेच करायचं काम. येत्या सुटीच्या दिवशी मुलाला उमरेडला बोलवा नाहीतर तुम्ही इकडे या, स्कीमची पुस्तिका, दोन्ही सेमचे ग्रेड कार्ड आणि एक कोरी वही घेऊन बसा. डबे तो लिहील, आकडे तुम्ही वाचून दाखवा, तासाभरात होते. आणि वही उघडायच्या आधी त्याला विचारा की एम-वनच्या री-एक्झामचा फॉर्म भरला का, फी भरल्याची पावती कुठे आहे. अशा फॉर्मची मुदत बहुतेक रिझल्टनंतर थोड्याच दिवसांत संपते.